नऊ हजार ओळी आणि एक भाष्य

आजचा प्रश्न साधा आहे. नवशिक्याने अवघड ऑपरेटिंग सिस्टिम शिकायची कशी? लिनक्सची प्रत्येक ओळ आज कुणालाही वाचता येते. पण वाचायला मिळणं वेगळं आणि समजणं वेगळं, बरं का. आणि या दोन्हींचा इतिहास सरळ नाही.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं. प्रयोगशाळा एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची. १९५६ च्या सरकारी समझोत्यामुळे कंपनीला इतर धंद्यात पडता येत नव्हतं. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना अल्प शुल्कात मिळालं, तेही सोर्स कोडसकट. ‘ओपन सोर्स’ हा शब्द तेव्हा नव्हता, तो १९९८ चा. पण कोड हातात होता.

तो सिडनीला, न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांच्याकडे पोचला. त्यांनी सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याच्या सुमारे नऊ हजार ओळी क्रमांक घालून छापल्या आणि १९७७ मध्ये त्यावर वेगळं विवेचन लिहिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर सूत्रं एकीकडे, भाष्य दुसरीकडे. ही पद्धत आपल्याला परकी नाही. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच आहे. साहित्याचा विद्यार्थी आधी वाचतो, मग लिहितो. संगणकाच्या विद्यार्थ्याला मात्र आपण पहिल्या दिवसापासून लिहायलाच बसवतो. लायन्स यांनी त्याला वाचायला बसवलं.

त्या कोडमध्ये एक प्रसिद्ध जागा आहे, ओळ २२३८. एक काम थांबवून दुसरं सुरू करण्याच्या जागी लेखकांनी टीप लिहिली, की हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही. लोकांना तो उद्धटपणा वाटला. रिची यांनी पुढे खुलासा केला, की ‘हे परीक्षेला येणार नाही’ अशा अर्थाने ते लिहिलं होतं. आणि खरं तर आम्हालाही ते नीट समजलं नव्हतं! नवशिक्याने हे लक्षात ठेवावं.

१९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली, आणि परवान्याने वर्गात कोड शिकवायला मनाई केली. मग लायन्स यांचं पुस्तक झेरॉक्सच्या झेरॉक्सवर जगभर फिरत राहिलं. उघडपणे छापलं गेलं ते थेट १९९६ मध्ये.

मनाईचा एक परिणाम असा झाला, की ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यासाठी स्वतःच मिनिक्स लिहिलं, १९८७ मध्ये, पाठ्यपुस्तकासह. ते पुस्तक हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने वाचलं, आपल्या संगणकावर मिनिक्स चालवलं, आणि १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं. तोही तेव्हा शिकतच होता.

आज लिनक्सच्या गाभ्यात कोट्यवधी ओळी आहेत. त्या सगळ्या एकट्या माणसाने वाचणं शक्य नाही. म्हणजे दार उघडं, पण घर फार मोठं. म्हणूनच एमआयटीमध्ये २००६ पासून एक्सव्ही६ शिकवतात. ती सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर नव्याने लिहिलेली छोटी सिस्टिम आहे, सोबत भाष्य आहेच.

तेव्हा लहान पण पूर्ण असं काहीतरी घ्या, आणि भाष्य शेजारी ठेवून वाचा. कोड खुला करणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं भाष्यकाराचं असतं, आणि मराठीत ती जागा अजून बरीच मोकळी आहे.

आता प्रश्न घेऊ या.