न सांगितलेले शरीर : र. धों. कर्वे यांच्या खटल्यापासून बीडच्या ‘पिशवी’पर्यंत

१/१४
बीड तालुक्यातील लिंबागणेश हे बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील गाव भालचंद्र गणपतीच्या स्थानामुळे ओळखले जाते. याच पट्ट्यातील गावांमधून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला येथे ‘एक कोयता’ म्हणतात. गर्भाशयालाही येथे एक रूढ शब्द आहे : ‘पिशवी’.

२/१४
२०१९ साली हा शब्द राज्यभर गाजला. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे उघड झाले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे साधारण दर सहा स्त्रियांमागे एक.

३/१४
२०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. बीडमधील तफावतीची कारणे अनेक आहेत : मुकादमाची उचल, एका दिवसाच्या खाड्याचा दंड, फडावर पाणी व शौचालयाचा अभाव, शस्त्रक्रियेतून पैसा मिळवणारे वैद्यकीय व्यवहार. परंतु या साऱ्यांना वाट करून देणारे आणखी एक कारण आहे आणि त्याचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. ते कारण म्हणजे स्त्रीला तिच्याच शरीराविषयी न मिळालेले ज्ञान.

४/१४
हे ज्ञान मराठीत, उघडपणे आणि शास्त्राच्या आधारे सांगण्याचा पहिला मोठा प्रयत्न रघुनाथ धोंडो कर्वे यांनी केला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र. जन्म १४ जानेवारी १८८२. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, त्यांच्या आई राधाबाई बाळंतपणात मृत्यू पावल्या. त्या काळी असे मृत्यू घरोघरी होत आणि ते दैवावर सोडले जात. रघुनाथरावांनी ते दैवावर सोडले नाहीत.

५/१४
पेशाने ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये लंडनला मेरी स्टोप्स यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी कर्वे यांनी मुंबईत आपले केंद्र सुरू केले. १९२३ मध्ये ‘संततिनियमन : विचार व आचार’ हे पुस्तक आले. या कार्यामुळे १९२५ मध्ये त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. त्यानंतरच्या ओढग्रस्तीत पत्नी मालतीबाईंनी संसाराचा भार पेलला.

६/१४
जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. त्यात संततिनियमन, गुप्तरोग, विवाह आणि कामजीवन यांवर सरळ मराठीत लेख येत. ‘शारदेची पत्रे’ हे सदर कर्वे स्वतःच टोपणनावाने लिहीत. त्यांची भूमिका त्या काळाच्या मानाने धाडसी होती : कामेच्छा स्त्रीलाही असते, सुखावर तिचाही हक्क असतो आणि मूल हवे की नको हे तिला ठरवता आले पाहिजे.

७/१४
या मासिकाचा प्राण म्हणजे वाचकांची प्रश्नोत्तरे. वडीलधाऱ्यांना किंवा वैद्यांना जे विचारण्याची सोय नव्हती, ते लोक कर्व्यांना पत्राने विचारीत आणि कर्वे शास्त्राला धरून उत्तर देत. समाजाला नेमके हेच खुपले. १९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल अश्लीलतेचा खटला होऊन त्यांना शंभर रुपये दंड झाला.

८/१४
१९३४ मध्ये दुसरा खटला उभा राहिला. या वेळी आक्षेप हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांविषयीच्या प्रश्नोत्तरांवर होता. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लैंगिक विषयावरचे प्रत्येक लेखन अश्लील ठरत नाही. वाचकाने शंका विचारली असता तिचे निरसन ज्ञानानेच होऊ शकते, असा बचावाचा रोख होता. न्यायालयाला तो पटला नाही. कर्व्यांना पुन्हा दंड झाला, या वेळी दोनशे रुपये.

९/१४
आंबेडकरांनी हा विषय न्यायालयापुरता ठेवला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. हे ज्ञान पुस्तक विकत घेऊ शकणाऱ्यांपुरते राहू नये, सरकारने ते सामान्य जनतेपर्यंत न्यावे, हा त्यामागील आशय होता. ठराव फेटाळला गेला. कर्व्यांच्या चळवळीची मर्यादाही येथेच दिसते : ‘समाजस्वास्थ्य’ शेवटपर्यंत साक्षर, बहुतांशी शहरी वाचकांचे राहिले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले आणि त्यानंतरच्या महिन्यात मासिकही थांबले.

१०/१४
ज्या स्त्रियांपर्यंत हे ज्ञान पोहोचले नाही त्यांची स्थिती काय होती, याचे मोजमाप महाराष्ट्रातच झाले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ने हा अभ्यास प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. पूर्वी कधी तपासणी झालेल्या मात्र ८ टक्केच होत्या. तोवर जगभर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे तिचे बाळंतपण, एवढाच अर्थ घेतला जाई.

११/१४
शरीराविषयीचे अज्ञान केवळ खेड्यापुरते नव्हते. शिश्निका, म्हणजेच क्लिटॉरिस, हे स्त्रीच्या कामसुखाचे प्रमुख इंद्रिय. बाहेर दिसतो तो तिचा लहानसा भाग. उरलेली रचना शरीराच्या आत पसरलेली असते. ऑस्ट्रेलियातील शल्यविशारद हेलन ओ’कॉनेल यांनी १९९८ मध्ये तिची सविस्तर शरीररचना मांडली आणि प्रचलित वैद्यकीय ग्रंथांतील वर्णने किती अपुरी होती हे दाखवून दिले. मनुष्य चंद्रावर जाऊन आला त्यानंतर तीन दशकांनी हे घडले.

१२/१४
आता ‘पिशवी’कडे परत येता येईल. पिशवीचे काम संपले की ती टाकून देता येते; मुले झाली की गर्भाशयही निरुपयोगी, हा समज या शब्दाला सहज चिकटतो. वास्तव वेगळे आहे. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस अंडाशये असतात आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक मुख्यतः तेथे तयार होते. गर्भाशयासोबत अंडाशयेही तरुणपणी काढली, तर पाळी कायमची थांबण्याची लक्षणे एकाएकी सुरू होतात : अंगातून वाफा निघणे, हाडे ठिसूळ होणे, योनीचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी वेदना. अंडाशये ठेवली तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याची शक्यता वाढते.

१३/१४
अंगावरून थोडे पांढरे जाणे हे बहुधा शरीराचे स्वाभाविक कार्य असते. दुर्गंधी, खाज, रंगातील बदल किंवा ओटीपोटातील दुखणे असेल तर संसर्गाची तपासणी करावी लागते आणि असे बहुतेक संसर्ग औषधांनी बरे होतात. काही आजारांत गर्भाशय काढणे खरोखर आवश्यक ठरते. परंतु पांढरे जाते म्हणून, पाळीत खाडा पडतो म्हणून किंवा ‘पुढे कॅन्सर होईल’ या धास्तीने पस्तिशीच्या आत ते काढून टाकणे हा उपचार नव्हे. २०१९ नंतर बीडमध्ये खाजगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक करण्यात आली.

१४/१४
परवानगीचा कागद डॉक्टरांपुढे अडसर उभा करतो. स्त्रीच्या हाती मात्र तो काही देत नाही. तिच्या हाती असायला हवेत ते चार प्रश्न : आजार नेमका कोणता? तो औषधाने बरा होईल का? अंडाशये राहणार की जाणार? दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याइतका वेळ आहे का? ती विवाहित असो वा अविवाहित, लेकुरवाळी असो वा निपुत्रिक, तरुण असो वा पाळी गेलेली, हे विचारण्याचा तिचा अधिकार सारखाच. शरीराविषयी प्रश्न विचारणे आणि त्याचे खरे उत्तर मिळणे, एवढ्याच व्यवहारासाठी १९३४ साली मुंबईत दोनशे रुपये दंड झाला होता. बालाघाटातून फडाकडे निघालेल्या टोळीतील बाईपर्यंत तो व्यवहार अजून पुरता पोहोचलेला नाही.