पाटीवरचे आकडे आणि बीडच्या विहिरी

बीड जिल्ह्याच्या सिंचनाचा इतिहास गॅझेटियरइतकाच इंजिनाच्या पाटीवरही वाचता येतो. (थ्रेड)

१९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पुढे वीज न पोहोचलेल्या शिवारांत मोटेची जागा डिझेल इंजिनाने घेतली.

याच कंपनीचे एका सिलिंडरचे 'एव्ही-१' पाहा. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ११०. म्हणजे घनक्षमता सुमारे ५५३ घनसेंटिमीटर. शक्ती ५ अश्वशक्ती, वेग मिनिटाला १५०० फेरे, पूर्ण भाराला तासाला साधारण एक लिटर डिझेल. इंजिन थंड ठेवणारे पाणी बहुधा उपशातूनच वळवलेले असे. विहीर आटली की इंजिनही तापणार!

खरी मर्यादा मात्र पाटीवर नसते. काठावरचा पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबाच्या आधारे. सिद्धान्तात ही मर्यादा सुमारे १० मीटर, व्यवहारात ६-७. पाणी त्याखाली गेले की पंप विहिरीत उतरवणे भाग पडे. अश्वशक्ती वाढवूनही हा अडसर सुटत नसे. १९७२ च्या दुष्काळाकडे या अंगानेही पाहायला हवे, असे मला वाटते. पाणी तळाला गेलेल्या विहिरीच्या काठावर सुस्थितीतले इंजिनही निरुपयोगी ठरते.

पाणबुडी मोटार आली आणि ही अट संपली. ती पाणी ओढत नाही, खालून वर ढकलते. त्यानंतर उपशाची खोली ठरू लागली ती पाइप, केबल आणि बोअर घेणाऱ्याच्या ऐपतीवर.