आजोबांच्या गोष्टीतला पिंजारी

आजोबा गेले त्या वर्षी १७ सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मी त्यांची एक आठवण मोबाइलवर टाइप करून नातेवाइकांना पाठवली. जेमतेम पंधरा ओळी. हदगाव तालुक्यातलं आमचं गाव, साल १९४८, आजोबा नऊ वर्षांचे. रझाकारांच्या भीतीनं सगळं घर एका रात्रीत पैनगंगा ओलांडून उमरखेडला गेलं. नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे वऱ्हाड, म्हणजे भारत. निघताना पणजोबांनी घराची किल्ली शेजारच्या पिंजाऱ्याकडे दिली. सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन झाली, लोक परतले, तर घर जसंच्या तसं. मग वारं फिरलं. आता पिंजाऱ्याच्या जिवावर बेतलं होतं. पणजोबांनी त्याला बायकापोरांसकट आठ दिवस आमच्या घरात लपवलं. एवढीच गोष्ट.

आठवडाभरात ती माझ्याकडेच परत आली, अनोळखी नंबरवरून. खाली आजोबांचं नाव. रझाकार होते, नदी होती, उमरखेड होतं. पिंजारी नव्हता. त्याच्या जागी एकच ओळ होती : शेजाऱ्यांनीच घर लुटलं. हा बदल कोणी केला, कुठं केला, काही पत्ता नाही. आणि 'मी असं म्हणालो नव्हतो' हे सांगायला आजोबा उरले नव्हते.

रझाकारांचे अत्याचार खरेच होते. पण त्यानंतर जे झालं तेही खरं होतं. पोलीस अ‍ॅक्शननंतर हैदराबाद संस्थानात मुसलमानांची कत्तल झाली. परिस्थिती पाहायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिच्या अंदाजानं किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे होते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. आजचं लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. मुसलमान विणकरांना वाचवताना हिंदू विणकरांनी जीव गमावल्याची नोंदही याच अहवालात आहे. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. आमचा पिंजारी गोष्टीतून गेला, तो या मोठ्या गाळलेल्या जागेतच गेला.

दुसऱ्याच्या शब्दांत गुपचूप हात घालणं मोबाइलनं सुरू केलेलं नाही. आमच्या गावाजवळून वाहणारी पैनगंगा पुढे माहूरजवळून जाते. माहूरचे दत्तात्रेयप्रभू हे महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी एक. या पंथाचा मूळ ग्रंथ म्हणजे 'लीळाचरित्र'. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर, १२७८च्या सुमारास, म्हाइंभटांनी तो सिद्ध केला. ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांना गाठून आठवणी गोळा केल्या. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, परंपरा सांगते त्याप्रमाणे, परचक्राच्या धाडीत मूळ पोथी नाहीशी झाली.

मग जाणत्यांनी ती आठवणीतून पुन्हा लिहिली. साहजिकच प्रत्येकाची आठवण थोडी वेगळी निघाली. अशा वेळी एक पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकणं सोपं होतं. तसं झालं नाही. हिराइसांचा पाठ हिराइसांच्या नावानं राहिला, इतरांचे त्यांच्या नावानं. पोथीत मजकूर चालू असताना मध्येच वेगळा पाठ येतो आणि त्याला शब्द वापरला जातो 'वासना'. आपण आज ज्या अर्थानं तो शब्द वापरतो तो इथं नाही. इथं वासना म्हणजे पाठभेद : अमक्याच्या स्मरणात हे असं आहे.

याच मराठवाड्यात, पैठणला, दुसरी वाट निघाली. 'ज्ञानेश्वरी' १२९०ची. तीनशे वर्षांत नकलाकारांच्या चुका आणि हौशी लोकांनी घुसडलेल्या ओव्या तिच्यात साचल्या. १५८४ साली एकनाथांनी ती शुद्ध केली. आपण हे काम केलं असं त्यांनी शेवटी स्वच्छ लिहून ठेवलं, आणि यापुढे कोणी आपली ओवी घालू नये असा इशाराही दिला. त्यांचे उपकार मोठेच. पण काय काढलं, काय बदललं, याची यादी त्यांनी ठेवली नाही. नाथांसारख्या माणसावर आपण विश्वास ठेवतो. अनोळखी नंबरवर कसा ठेवायचा?

म्हणून मी खऱ्या गोष्टीच्या शोधात औशाला गेलो. आजोबांची थोरली बहीण लातूर जिल्ह्यात औशाला दिलेली. १९४८ साली ती बारा वर्षांची होती. मी आत्याआजीला माझे पंधरा ओळींचे शब्द वाचून दाखवले. ती हसली.

"किल्ली कशाची रे? कुलूप होतं कुणाच्या घराला? ज्वारीचं पेव कुठं हाय ते पिंजाऱ्याला ठाव होतं. त्यानं कुणाला सांगितलं नाही, एवढंच."

"आणि आठ दिवस?"

"तीन." मग बराच वेळ गप्प. "त्याचं थोरलं पोरगं शेतावर गेलतं. ते आलंच नाही. तुझ्या आज्यानं ते कधी सांगितलं नाही."

म्हणजे गोष्ट अनोळखी नंबरच्या आधीच एकदा बदलली होती. आजोबांनी बदलली होती. का, ते मला आता विचारता येणार नाही. कदाचित आमच्या घरानं कुणाला तरी वाचवलं एवढंच त्यांना नातवाच्या हातात द्यायचं असेल.

मी परत लिहायला बसलो. आजोबांच्या ओळी होत्या तशाच ठेवल्या, किल्लीसकट. खाली लिहिलं : आत्याआजीची वासना. पेव, तीन दिवस, आणि शेतावर गेलेलं पोरगं. त्याखाली ती बदललेली ओळही ठेवली, घर लुटल्याची. पुढं लिहिलं : ही कोणाची, माहीत नाही.

मग नातेवाइकांना पाठवून दिलं. आत्याआजीला सगळं पुन्हा वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "त्या पोराचं नाव मला आठवतंय. ते पण घाल."