गार हवा कोणासाठी?

उन्हाळा अलीकडे अधिकाधिक कडक होत चालला आहे. ज्या घरांत छताचा पंखा ही चैनीची सीमा होती, त्या घरांतही आता वातानुकूलन यंत्र घ्यावे काय, आणि घ्यावे तर कोणते, याची चर्चा जेवताना होऊ लागली आहे. दुकानदाराजवळ या प्रश्नाचे उत्तर तयार असते. त्यास माल विकावयाचा असतो. आम्ही कामगार चळवळीतले लोक. नवे यंत्र दारात आले, की ते कोणासाठी निर्माण झाले आणि त्याची झळ कोणास लागली, हे आधी विचारण्याची आम्हांस खोड आहे. गार हवेच्या यंत्राला हा प्रश्न विचारला, तर उत्तर मोठे विचारात पाडणारे मिळते.

यंत्रापूर्वी गारवा नव्हता असे नाही. दारांना वाळ्याचे ताटे लावून त्यांवर पाणी मारण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. साहेबांच्या बंगल्यात छताला कापडी पंखा टांगलेला असे, आणि त्याची दोरी ओढणारा माणूस बाहेर पडवीत, उकाड्यात बसलेला असे. आतला गारवा आणि बाहेरचा घाम यांना जोडणारी ती दोरी होती. पुढे 1833 साली अमेरिकेतील बोस्टनहून फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने लाकडाच्या भुशात गुंडाळलेला बर्फ जहाजाने कलकत्त्यास पाठविला. वाटेत पुष्कळ वितळूनही सुमारे शंभर टन उरला! मग मुंबईलाही असा बर्फ येऊ लागला. त्या बर्फाच्या युगाची एक खूण आजही आपल्या घरात आहे. ‘दीड टनाचा एसी’ म्हणताना आपण यंत्राचे वजन सांगत नसतो. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी उष्णता खोलीतून काढण्याची शक्ती म्हणजे एक टन. आजच्या भाषेत सुमारे साडेतीन किलोवॅट.

यांत्रिक वातानुकूलनाचा जन्म मात्र कोणा घामाघूम माणसाच्या कळवळ्याने झालेला नाही. 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे, आणि एकावर एक छापावयाचे रंग जागेवरून सरकत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण इंजिनियराने हवेचा दमटपणा काबूत ठेवणारी योजना आखली. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दप्रयोग 1906 साली रूढ केला तो स्टुअर्ट क्रेमर या कापडगिरण्यांच्या इंजिनियराने. त्याला चिंता होती ती सुताची. छापखान्याला कोरडी हवा हवी होती, गिरणीला ओली. दोन्हीकडे मालाची प्रकृती पाहून हवा ठरविण्यात आली.

हे आम्हां गिरणगावच्या मंडळींना कोणी निराळे सांगावयास नको. कोरड्या हवेत ताण्याचा धागा तुटतो, म्हणून साचेखात्यात मुद्दाम ओलावा सोडीत. इंग्लंडात लँकेशायरच्या विणकरांनी या वाफेविरुद्ध ओरड केली, तेव्हा 1889 साली तेथे हवेच्या दमटपणावर बंधन घालणारा कायदा झाला. हिंदुस्थानातील गिरण्यांच्या याच प्रश्नावर टी. मॅलोनी यांचा सरकारी अहवाल 1923 साली निघाला. पुढे स्वतंत्र भारताच्या 1948 च्या कारखाना कायद्याने, कामगारास वाजवी सुख लाभेल असे तापमान राखण्याची अट घातली, आणि ओलाव्यासाठी वापरावयाचे पाणी पिण्याच्या पाण्यासारखे स्वच्छ हवे असेही बजावले. धाग्याला जी हवा पहिल्या दिवसापासून मिळाली, ती माणसाला मिळण्यास इतकी वर्षे आणि इतकी भांडणे लागली!

साचेखात्याने एक शास्त्रही शिकविले. माणसाचे शरीर घाम वाळल्याने गार होते. हवा आधीच ओलीने भरलेली असली, तर घाम नुसता वाहतो, वाळत नाही. म्हणून उकाडा मोजताना कोरड्या तापमापकाबरोबर ओले फडके गुंडाळलेला तापमापकही पाहावा लागतो. घरासाठी यंत्र निवडताना हीच पहिली कसोटी लावावी. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्याचा वंशज असलेला कूलर थोड्या विजेत उत्तम काम देतो. मात्र खिडकी उघडी हवी. तोच कूलर मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत लावला, तर घरात साचेखाते उभे राहील. तेथे हवेतला ओलावा काढून टाकणारे यंत्रच लागते.

दुसरी गोष्ट शक्तीची. खोलीपेक्षा फार मोठे यंत्र घेतले, तर ते चटकन गार करून थांबते आणि ओलावा पुरता काढीतच नाही. तिसरी विजेची. यंत्रावर तारे असतात. पण त्यांचे निकष अधूनमधून कडक होतात, म्हणून ताऱ्यांबरोबर पट्टीवरचे वर्षही वाचावे. 2020 पासून नव्या यंत्रांत 24 अंश हे तापमान आधीच बसविलेले असते. त्याच्या जोडीला छताचा पंखा चालविला, तर त्याहून खाली जाण्याची गरज सहसा पडत नाही. आणि या सर्वांच्या आधी पश्चिमेच्या खिडकीवर सावली व गच्चीवर पांढरा रंग. कारण आत न शिरलेली उष्णता बाहेर काढावी लागत नाही.

आता मूळ मुद्दा. हे यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. ते ती उचलून बाहेर टाकते, आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णताही तीत मिळविते. बाहेर म्हणजे कोठे? गल्लीत, शेजाऱ्याच्या खिडकीत. 1920 नंतरच्या दशकात मुंबईत बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. तेथे 160 चौरस फुटांच्या खोलीत कुटुंबे राहिली, आणि वारा यावयाचा तो त्या खिडकीतूनच. आज जुन्या गिरण्यांच्या जमिनींवर काचेचे मनोरे आहेत. त्यांची गरम हवाही शहरावरच पडते. पंख्याची दोरी गेली. पण पडवीतला माणूस गेला नाही. तो उन्हात सामान पोचवितो, सज्जाबाहेर लटकून आपलीच यंत्रे बसवितो.

म्हणून यंत्र घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. घरात वृद्ध, आजारी, तान्हे मूल वा रात्रपाळी करून दिवसा झोपणारा कामगार असेल, तर गारवा ही चैन नव्हे, आणि गार खोली पहिल्याने त्याची. आम्ही एवढेच म्हणतो की बाहेरचा डबा शेजाऱ्याच्या खिडकीवर रोखू नका. बसविणाऱ्यास कमरेचा पट्टा आहे की नाही पाहा, नसल्यास काम थांबवा. आणि घरात 24 अंशांचा आग्रह धरणाऱ्यांनी गोदामातल्या, बांधकामावरच्या माणसासाठी सावली, पाणी आणि दुपारची सुटी मागताना आमच्याबरोबर उभे राहा. सुताला जे 1906 साली मिळाले, ते त्याला अजून मिळावयाचे आहे.