पोर्टच्या दारावरचा पहारेकरी

1746 च्या जानेवारीत लायडनच्या मुशेनब्रूकने पॅरिसला रेओमूरला पत्र लिहिलं. पाणी भरलेल्या काचेच्या भांड्यात साठवलेल्या विजेने त्याला असा दणका दिला होता, की अख्खं फ्रान्सचं राज्य मिळालं तरी हा प्रयोग पुन्हा करणार नाही, असं त्याने कळवलं. ते भांडं म्हणजे पहिला कपॅसिटर. गंमत म्हणजे तसलंच भांडं आपण रोज वागवतो: आपलं शरीर! कोरड्या हवेत गालिच्यावरून चालत येऊन पेन ड्राइव्ह लावला, की ठिणगी.

1995 च्या आयईसी 61000-4-2 मानकात ही ठिणगी आकड्यांत मांडलेली आहे. 150 पिकोफॅरडचं शरीर, 330 ओहमचा हात. 8000 व्होल्टच्या चाचणीत करंट साधारण एका नॅनोसेकंदात 30 अँपियरवर पोचतो.

उपाय सोपा वाटतो. पोर्टच्या तोंडाशी टीव्हीएस डायोड पहाऱ्याला बसवा, तो ठिणगी ग्राउंडकडे वळवेल. 1996 च्या यूएसबीला हे सहज चालायचं. 12 मेगाबिट वेगाला एक बिट 83 नॅनोसेकंदांचा. डायोडचा स्वतःचा कपॅसिटन्स 10 पिकोफॅरड असला तरी कुणाला पत्ता लागत नसे. 2000 साली यूएसबी 2.0 चा बिट 2 नॅनोसेकंदांवर आला, 2008 साली यूएसबी 3.0 चा 0.2 वर. आता हिशोब करा. लाइनच्या दोन बाजूंचे 45 ओहम समांतर धरले तर 22.5. गुणिले 10 पिकोफॅरड, म्हणजे 0.225 नॅनोसेकंद. बिट संपला तरी पहारेकरी अजून चार्जच होतोय! चोरासाठी ठेवलेला रखवालदार घरच्यांनाच आत सोडेना. म्हणून इथे अर्ध्या पिकोफॅरडच्या आसपासचे किंवा त्याहूनही कमीचे डायोड लागतात.

त्याच काळात चिपमधले ट्रान्झिस्टर लहान आणि नाजूक होत गेले. त्यामुळे डेटाशीटवर ठळक छापलेला 15 किलोव्होल्टचा आकडा बघून भुलू नका. डायोड स्वतः किती सोसेल एवढंच तो सांगतो. चिप वाचेल का, हे कळायला क्लॅम्पिंग व्होल्टेज बघायचं, म्हणजे पहारा असूनही आत किती व्होल्ट शिरतात ते. आणि डायोड कनेक्टरला चिकटून, ग्राउंडची वाट आखूड. त्या वाटेतला एक नॅनोहेन्रीसुद्धा अशा झटक्यात 30 व्होल्टची भर घालतो.

मला हे कळलं ते दोन दिवस ड्रायव्हरमध्ये बग शोधल्यावर. कोड बरोबर होता. डायोडही शाबूत होता. मेली होती ती चिप.