पथ्याची परीक्षा

दूध म्हणजे पूर्णान्न, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ज्या मुलाला दूधच बाधते, त्याच्या आईने काय करावे?

हा रोग प्रथम ओळखला गेला नॉर्वेमध्ये. १९३४ साली डॉक्टर फॉलिंग यांच्याकडे एक आई दोन मुले घेऊन आली. मुलांच्या बुद्धीची वाढ खुंटलेली, अंगाला विचित्र वास. फॉलिंगनी त्यांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकले, तो ती हिरवी झाली! प्रथिनांतला फिनाइलअ‍ॅलनीन नावाचा घटक या मुलांच्या शरीराला जिरवता येत नाही. तो रक्तात साचतो आणि मेंदूला इजा करतो. दोष आईबाप दोघांकडून आलेला. पुढे या रोगाला 'फिनाइलकीटोन्यूरिया' हे नाव पडले. रोग कळला, पण उपाय?

१९५१ साली इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम येथे हॉर्स्ट बिकेल या डॉक्टरांना अशीच एक मुलगी आढळली. तिला उभे राहता येत नव्हते. सारखी रडे, डोके आपटी. उपाय नाही, हे तिच्या आईला काही पटेना. ती रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी हजर! शेवटी बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधातले प्रथिन आम्लाने फोडून कोळशातून गाळले आणि तो घटक काढून टाकला. तो अगदीच तोडला तेव्हा मुलीचे वजन घटू लागले. मग थोडे दूध पुन्हा सुरू केले. काही महिन्यांत मुलगी रांगू लागली, उभी राहू लागली.

आता तुम्ही म्हणाल, आईला तसा भास झाला असेल. डॉक्टरांनाही तीच शंका! म्हणून त्यांनी आईला न सांगता खाण्यात रोज पाच ग्रॅम फिनाइलअ‍ॅलनीन मिसळले. सहा तासांतच आईच्या लक्षात आले, की काहीतरी बिघडले. दहा महिन्यांत कमावलेले बहुतेक सारे एका दिवसात गेले. असा लपवाछपवीचा प्रयोग आज कोणी मान्य करणार नाही. पण पथ्याचा गुण त्यानेच सिद्ध झाला. १९५३ साली हे सारे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

त्या मुलीच्या मेंदूची आधीच झालेली हानी मात्र पुरती भरून आली नाही. पुढे १९६० नंतरच्या दशकात रॉबर्ट गथ्री यांनी टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून नवजात बाळांची तपासणी सुरू केली. पहिल्या काही आठवड्यांतच पथ्य सुरू झाले आणि नीट पाळले, तर बाळाची बुद्धी सहसा शाबूत राहते.

अमुक खा, तमुक सोडा, रोग पळेल, असे सांगणारे आजही पुष्कळ भेटतात. त्यांना एवढेच विचारावे: हे पथ्य मोडले तर काय होते, ते कोणी तपासून पाहिले आहे का?