चिमणी, दरज आणि चुना

नव्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीवर जी पोलादी पेटी टांगतात, तिला सगळे चिमणी म्हणतात. यातल्या कित्येक चिमण्यांना धूर बाहेर नेणारी नळीच नसते. त्या हवा आतल्या आत गाळून परत खोलीतच सोडतात. म्हणजे धुराड्यावाचून धुराडं. पण हा प्रकार मराठीला नवा नाही. कंदिलाच्या काचेला इंग्रज चिमणी म्हणत, कारण ज्योतीची गरम हवा वर ओढून नेण्याचं धुराड्याचं काम ती काच करते. आपणही तिला चिमणी म्हणू लागलो. रोज संध्याकाळी ती राखेनं घासायची, कागदाच्या बोळ्यानं पुसायची, तडकली की बाजारातून नवी आणायची. पुढे पत्र्याच्या डबीत वात सोडलेला, काच अजिबात नसलेला रॉकेलचा दिवाही चिमणीच झाला. ज्या काचेमुळे नाव आलं ती गेली, नाव राहिलं. ‘चिमणा’ म्हणजे लहान हा आपला शब्द घरात होताच. त्याच्या आधारानं हा पाहुणा इतका रुळला, की तो इंग्रजी आहे हे सांगितल्यावर लोक अंगणातल्या चिमणीकडे बोट दाखवतात.

इंग्रजीतही तो पाहुणाच. ग्रीक ‘कामिनोस’ म्हणजे भट्टी. त्यावरून लॅटिन ‘कामिनुस’, आणि त्यावरून ‘कामिनाता’, म्हणजे जिच्यात शेकोटीची सोय आहे अशी खोली. थंड मुलखात ऊब असलेली खोली हीच खरी राहायची खोली, म्हणून रशियन भाषेत त्याचं ‘कोम्नाता’ झालं आणि अर्थ उरला नुसता ‘खोली’. आज तिथे शेकोटी असो वा नसो. जर्मनांनी ‘केमेनाते’ हे नाव गढीतल्या उबदार दालनाला ठेवलं. फ्रेंचांकडून इंग्रजीत गेलेला शब्द मात्र उलट्या दिशेनं आक्रसत गेला: आधी खोलीतली शेकोटी, मग तिच्यावरचा धूर नेणारा बांधीव मार्ग. तेव्हा एकाच भट्टीच्या पोटी रशियात खोली जन्मली, इंग्लंडात नळी आणि आपल्याकडे दिवा.

चुलीच्या आसपासचे शब्द असे शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसतात, असं माझं निरीक्षण आहे. लॅटिनमध्ये चुलीला ‘फोकुस’ म्हणत. चुलीत विस्तव असतो, एवढ्या शेजारावर स्पॅनिशमध्ये त्याचं ‘फुएगो’ आणि फ्रेंचमध्ये ‘फ’ झालं, दोन्हींचा अर्थ आग. केप्लरनं १६०४ साली भूमितीतल्या एकवटण्याच्या बिंदूला तेच नाव दिलं, बहुधा भिंगातून किरण एकवटतात तिथे धरलेली वस्तू पेटते म्हणून. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला नाभी म्हणतात, पण फोटो काढताना सगळे फोकसच म्हणतात. नाट्यगृहाचा ‘फॉयर’ही त्याच चुलीचा वंशज. आणि दंगलीच्या बातम्यांतला ‘कर्फ्यू’? तो जुन्या फ्रेंचमधला ‘आग झाका’ असा हुकूम आहे. रात्री ठरलेल्या वेळी घंटा व्हायची आणि ज्यानं त्यानं आपल्या चुलीतला विस्तव झाकायचा. लाकडी घरांच्या गावात एका ठिणगीनं आळी जळे. निखारे राखेखाली झाकून सकाळी फुंकर घालायची पद्धत आपल्या घरांत होतीच, फक्त त्यासाठी घंटा वाजवावी लागत नव्हती. संचारबंदी हा मराठी शब्द अर्थाला चोख आहे, पण त्यात चूल नाही याची मला जरा चुटपुट लागते.

माझी भाची इंग्लंडात यॉर्कशरला राहते. घर शंभर वर्षांहून जुनं, विटांचं, छपरावर भलंथोरलं धुराडं. ते दुरुस्तीला काढल्यावर तिचा फोन आला: “मावशी, रिपॉइंटिंगला मराठीत काय म्हणायचं गं?” शब्द आयता होता. दरजा भरणं. दोन विटांमधली सांधभेग ती दरज. शब्द फारसी, मूळ अर्थ शिवण. ती शिवणारा तो दर्जी, म्हणजे शिंपी. सरकारी अंदाजपत्रकात ‘दर्जा भरणे’ असं छापलेलं असतं आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो, कारण कामाचा ‘दर्जा’ हा अरबीतून आलेला दुसराच शब्द, पायरी या अर्थाचा. दोघांचा संबंध नाही. कामावर मात्र आहे: दरजा नीट भरल्या तरच दर्जा.

घराचा सर्वांत उघडा भाग म्हणजे धुराडं. चारी बाजूंनी वारा, वरून पाऊस, आतून धुरातली आम्लं. विटांआधी दरजा झिजतात. गवंडी जुना भुसभुशीत चुना रुंदीच्या दुपटीइतका खोल खरवडून काढतो, दरज ब्रशनं झाडतो, पाण्यानं भिजवतो आणि चिंचोळ्या थापीनं नवा चुना आत दाबत नेतो. मग ओलं गोणपाट टांगतो, म्हणजे तो सावकाश सुकेल. भाचीच्या गवंड्यानं सिमेंटला साफ नकार दिला, आणि त्याचं बरोबर होतं. जुनी वीट मऊ, सिमेंट तिच्यापेक्षा कडक. भिंतीत शिरलेलं पाणी चुन्यातून बाहेर पडतं, सिमेंटमधून नाही; ते विटेत साठतं, हिवाळ्यात गोठून फुगतं, आणि विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटून येतो. दरजेनं झिजावं आणि विटेला वाचवावं, असा हा करार. दरज पुन्हा भरता येते.

‘सिमेंट’ हा शब्दही सरकलेला. लॅटिनमध्ये ‘केमेंटुम’ म्हणजे फोडलेल्या दगडाची खांडकी. खांडक्यांचं नाव कालांतरानं त्यांना धरून ठेवणाऱ्या लगद्याला लागलं. लीड्सचा गवंडी जोसेफ ॲस्पडिन यानं १८२४ साली ‘पोर्टलंड सिमेंट’चं पेटंट घेतलं, तेव्हा पोर्टलंडच्या दगडाशी साम्य दाखवणं हा उघड जाहिरातीचा भाग होता. त्या लगद्याला इंग्रजीत ‘मॉर्टर’ म्हणतात आणि त्याची गोष्ट तर आणखी मजेची. लॅटिन ‘मोर्तारियुम’ म्हणजे खल, उखळ. खलात कालवलेल्या मालालाही तेच नाव, आणि पुढे उखळासारख्या आखूड, रुंद तोंडाच्या तोफेलाही तेच. मराठीनं तोफेपुरता तोच मार्ग धरला: उखळी तोफ. चुन्याच्या बाबतीत आपल्याकडे उखळाऐवजी घाणा आला. कित्येक गडांवर गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक दिसतं, तो चुन्याचा घाणा. आणि घाणा म्हणजे यंत्रही, एका वेळी त्यातून निघालेला मालही. भज्यांचा पहिला घाणा काढणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

चुना हा ‘चूर्ण’ या संस्कृत शब्दाचा थेट वारस. चुनखडी भाजली की कळीचा चुना, त्यावर पाणी पडलं की तो रटरटतो, वाफा सोडतो आणि विरतो. भिंतीत गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत तो पुन्हा चुनखडीच होतो. भट्टीत दगडातून जे उडून गेलं, ते हवेतून परत घेतो. पण त्याचं संस्कृतातलं दुसरं नाव अधिक रुबाबदार आहे: सुधा. होय, अमृत तीच सुधा, आणि भिंतीचा चुनाही सुधा. सुधेनं लिंपलेला वाडा तो ‘सौध’. बंगळुरूच्या विधान सौधात तो शब्द अजून राहतो. अमृताच्या रांगेत बसलेल्या या वस्तूला मराठी बोलीत ‘चुना लावणे’ म्हणजे फसवणे या अर्थानं राबावं लागतं, हे मला अन्यायाचं वाटतं. गिलावा मात्र सुखात आहे: फारसीत ‘गिल’ म्हणजे माती आणि ‘आब’ म्हणजे पाणी, दोन्ही शब्दांत कृती सांगून मोकळा.

गवंड्याच्या पिशवीतल्या गुण्याचंही तसंच. काटकोन तपासायचं हे हत्यार फारसीतून आलं, आणि फारसीत ते ग्रीक ‘गोनिया’ म्हणजे कोन यावरून. ‘कामिनोस’सारखाच हाही ग्रीक, पण तो आपल्याकडे इंग्रजांच्या आधीच येऊन गवंड्याच्या हातात पडला होता.

धुराड्याखालच्या शेकोटीच्या भागांची नावं बहुतेक अंगाची आणि कपड्यांची. दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंतींना इंग्रजीत ‘जॅम’ म्हणतात, फ्रेंच ‘जांब’ म्हणजे पाय यावरून. वरची फळी ‘मॅन्टल’, म्हणजे अंगरखा. पेट्रोमॅक्सच्या बत्तीत बांधायची जाळीची पिशवी, ती ‘मेंटल’, तोच शब्द. मधल्या अरुंद वाटेला घसा. काउंट रमफर्डनं १७९६ साली सांगितलं, की घसा चार इंचांवर आणा आणि बाजूच्या भिंती तिरक्या करा, म्हणजे धूर वर जाईल आणि उष्णता खोलीत येईल. त्याआधी निम्मी ऊब छपरावरच्या कावळ्यांना मिळत होती. धुराड्याला आतून मात्र तिथले जुने गवंडी चुन्यात शेण कालवून लिंपत. हे ऐकून भाची म्हणाली, “म्हणजे सारवणच की!” तेच.

आपल्या कौलारू घरांत बांधीव धुराडं नसेच. धूर कौलांच्या फटींतून निघून जाई, जाताजाता वासे आणि बांबू काळे करी, किडीपासून राखी. विटांची घरगुती धुराडी बघायची तर महाबळेश्वर-पाचगणीच्या इंग्रजी बंगल्यांत. म्हणून धुराडं म्हटलं की आपल्याला आठवतात गिरण्या आणि साखर कारखाने. दिवाळीच्या सुमारास वर्तमानपत्रांत मथळा असतोच: ‘कारखान्यांची धुराडी पेटली’. पेटतो तो बॉयलर, पण नाव लागतं धुराड्याचं. पुन्हा शेजारच. ऊसकऱ्याला ही आनंदाची बातमी. विटांच्या घरात राहणाऱ्याला अक्षरशः घेतली तर धडकी भरवणारी. ओलं लाकूड मंद जाळलं की धुरातलं डांबर नळीच्या थंड भिंतीला चिकटतं. त्याला ‘क्रिओसोट’ म्हणतात, ग्रीक अर्थ ‘मांस राखणारा’. कार्ल राइखेनबाख या जर्मन रसायनज्ञानं बीचच्या लाकडाच्या डांबरातून तो वेगळा काढला तेव्हा मांस टिकवण्याचा त्याचा गुण त्याच्या ध्यानात होता. हाच पदार्थ नळीत साचून पेटला की धुराडं खरोखर पेटतं. म्हणून दरवर्षी साफसफाई करायची, आणि जाळायचं लाकूड आधी नीट वाळवायचं.

पेटलंच तर आगीचा बंब. हा पोर्तुगीज ‘बोंबा’, म्हणजे पाणी उपसायचा पंप. पण जुन्या मराठी न्हाणीघरातल्या, पोटात निखारे आणि मधोमध नळी असलेल्या तांब्याच्या भांड्यालाही आपण बंबच म्हणतो. धुराड्यासह पेटवायचा तोही बंब, आणि धुराडं विझवायला येतो तोही.